यंदाची अंडी फुटेनात

त्या शनिवारी सकाळी माझा नवरा एल्डन फ्रिजमधला अंड्यांचा खोका उचलून गाडीत जाऊन बसला, आणि कुठला खोका घेतलास हे मी विचारलं नाही. विचारणार कशी? आमचं बोलणं बंद होतं.

अंडी न्यायची होती कंपनीच्या सहलीला. एल्डन पंपांच्या कारखान्यात आहे. दर ऑगस्टमध्ये कंपनी सगळ्यांना बायकापोरांसकट तळ्याकाठी जेवायला बोलावते आणि तिथं नवरा-बायकोंची अंडी झेलायची स्पर्धा असते. समोरासमोर उभं राहायचं, कच्चं अंडं फेकायचं, झेलायचं, एकेक पाऊल मागं सरकायचं. ज्यांचं फुटलं ते बाद. मागच्या वर्षी जे जिंकले त्यांनी यंदाची अंडी आणायची असा रिवाज आहे. जिंकलो होतो आम्ही.

बोलणं बंद झालं टेक्सासवरून. कंपनी तिकडं नवा कारखाना काढतेय, एल्डनला तिथं सुपरवायझर म्हणून बोलावलंय आणि सोमवारी उत्तर द्यायचंय, ही बातमी मला कळली कुठं? केस कापायला गेले तिथं! डोक्यात ढीगभर पिना, आणि शेजारच्या खुर्चीतून कारखान्यातल्या स्टेंकेची बायको म्हणते, "काय डोरीन, आता उन्हात राहायला जाणार म्हणे तुम्ही?" मी आपली हसले. काय करणार! घरी आले आणि जी गप्प झाले ती गप्पच. टेक्सासचं एक राहू दे, पण माझ्या घराचं ठरतंय आणि मलाच पत्ता नाही? सगळं ठरवून झालं की हा मला फक्त सामान बांधायला हाक मारणार? मी काय कपाट आहे, उचललं की निघालं?

तेव्हापासून घरातले सगळे निरोप आमच्या पेगमार्फत. ती नऊ वर्षांची आहे. "पेग, बाबांना सांग, मीठ द्या." "पेग, आईला सांग, मीठ तिच्याच पुढ्यात आहे." पोरगी इतकी वैतागली की म्हणाली, "तुम्ही दोघं माझं डोकं खाताय. मला आता पगार सुरू करा."

तळ्याकाठी सॉसेज भाजणं चाललं होतं, पोरं पोत्यात पाय घालून धावत होती. पेग दोनदा तोंडावर आपटली आणि तिसरी आली. मग आमची स्पर्धा. पंच म्हणून स्टेंके, म्हणजे शेजारच्या खुर्चीतल्या त्याच बाईचा नवरा, रंगखात्याचा फोरमन. एरवी बरा माणूस, पण गळ्यात शिट्टी अडकवली की त्याच्या अंगात येतं.

शिट्टी वाजली. एल्डननं अंडं फेकलं, मी झेललं, आणि हाताला लगेच कळलं. अगं बाई! हे तर उकडलेलं!

सॅलडसाठी मी शुक्रवारी अंडी उकडून त्याच खोक्यात परत ठेवली होती. नंतर रागाच्या भरात सॅलड केलंच नाही. कच्ची अंडी घरी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात गारेगार बसलेली. मेल्यानं एका शब्दानं विचारलं असतं तर!

मी अंडं परत फेकलं. झेलल्याबरोबर एल्डनच्या भुवया वर गेल्या. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं बघितलं. आता खरं सांगावं, तर मागच्या वर्षी जिंकलो तीही लबाडी होती असंच सगळे म्हणणार. आठवडाभरात पहिल्यांदाच आमचं एकमत झालं. दोघंही गप्प राहिलो.

आणि मग काय, कोणी बाद होईचना. गोदामातल्या हर्बच्या हातून अंडं सुटलं, गवतावरून गडगडत गेलं. स्टेंकेनं वाकून बघितलं. "जरा चेपलंय, पण गळत नाही. चालू!"

"डोरीन, यंदाची अंडी कसल्या कोंबडीची गं?" हर्बची बायको ओरडली.

"चांगल्या घरातली आहे!" मी म्हटलं.

सगळे मागं मागं सरकत राहिले. भाजलेल्या सॉसेजचा वास सुटला तशी एकेक जोडी कंटाळून ताटाकडं वळली. उरलो आम्ही. मी गाड्यांजवळ, एल्डन पार तळ्याच्या काठाला, आणि मधे सगळं मैदान. अंडं माझ्या हातात होतं.

"नीट झेल," असं ओरडायला मी तोंड उघडलं. बाहेर पडलं भलतंच.

"एल्डन! तू टेक्सासला हो म्हणालास का?"

कंपनीचे मालक हॅल्वरसन कणीस खात होते, त्यांचं कणीस तोंडाशीच राहिलं.

"अजून नाही!" तिकडून आवाज आला.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू जाऊ या म्हणाली असतीस!"

"काय?"

"दर जानेवारीत बर्फ उपसताना म्हणतेस ना, मला इथून कुठंही ने म्हणून! आणि मला नाही जायचं, डोरीन! ते तुझ्या तोंडावर कसं सांगू, कळत नव्हतं!"

मालकांनी कणीस खाली ठेवलं.

मला राग आला, हसू आलं आणि डोळेही भरून आले, सगळं एकदमच. आठवडाभर हा माणूस माझं मन मोडेल म्हणून झुरत होता आणि मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

"अरे शहाण्या!" मी ओरडले. "बर्फाच्या नावानं बोटं मोडते ती माझी करमणूक आहे! मला कुठं जायचंय?"

"मग बोलायचं होतंस!"

"आधी विचारायचं होतंस!"

मग तो दोन्ही हात तोंडाभोवती धरून, तळ्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "डोरीन! आपण इथंच राहायचं का?"

"हो!"

"बाबा, सांग त्यांना आता!" पेग मालकांकडं बोट दाखवून किंचाळली. मालक स्वतःच हात हलवून म्हणाले, "कळलं, कळलं. जेवा आता."

मी अंडं फेकलं नाही. तेवढं मैदान चालत गेले आणि त्याच्या हातात ठेवलं. त्यानं ते हळूच माझ्या कपाळावर टिचवलं आणि सोलायला लागला.

लांबून कर्कश शिट्टी वाजली. "फुटलं!" स्टेंके धावत येत ओरडत होता. "तुमचं अंडं फुटलं! बाद! दोघंही बाद!"

एल्डननं वरचं पांढरं स्वतःच्या तोंडात टाकलं आणि आतलं पिवळं, जे मला आवडतं, माझ्या तळहातावर ठेवलं. मला न विचारता. तेवढं मी चालवून घेतलं.