शंभर टक्के हजेरी

मी तिसऱ्या रांगेतली, डावीकडची शेवटची खुर्ची बोलतेय. आमच्या गायनवृंदातल्या मुलामुलींत माझ्याइतकी नियमित हजेरी कुणाचीच नाही. मंगळवार असो की शनिवार, पाचच्या ठोक्याला मी जागेवर असते. गाता येत नाही, एवढंच.

माझा जन्म एका सुताराकडे झाला. आम्ही चाळीस जणी, एकाच मापाच्या. एकोणचाळीस जणींचे पाय त्याने सपाट फळीवर ठेवून तपासले. माझी पाळी आली तेव्हा त्याची जेवायची वेळ झाली होती. "बसल्यावर कुणाला कळतंय," असं म्हणून त्याने मला तशीच टेम्पोत चढवली. माझा मागचा एक पाय किंचित आखूड राहिला तो राहिलाच. कुणी बसलं की मी डुगडुगते. रिकामी असले की अगदी शहाण्यासारखी उभी राहते.

गेलं वर्षभर मी बहुतेक वेळा शहाण्यासारखीच उभी होते.

माझ्यावर बसायचा मान जिचा, तिला सगळे बाईसाहेब म्हणायचे. आवाज भरदार, एकदा ऐकलं की चाल पाठ. सर्वांत खालचा सूर गाणाऱ्या मुली आमच्याकडे दोनच. एक ही, आणि दुसरी माझ्या शेजारच्या खुर्चीवरची कुजबुज. हे नाव तिला मागच्या रांगेतल्या मुलांनी दिलं होतं. ती सुरात गायची, पण शेजारच्या खुर्चीलाच ऐकू जाईल इतपत. बाईसाहेब शेजारी असल्या की तिला तेवढं पुरायचं. त्या मोठ्या आवाजाच्या आडोशाला ती खुशाल उभी राहायची.

सर दिवसभर टपाल कचेरीत पत्रं लावायचे आणि संध्याकाळी आम्हाला. जो आला नाही त्याची खुर्ची हलवायची नाही, तिच्यावर दप्तरही ठेवायचं नाही, असा त्यांचा नियम होता. हा आणि हजेरीचे बाकीचे नियम त्यांनी एका कागदावर छापून प्रत्येकाला दिले होते. बाईसाहेबांचा कागद वर्षभर माझ्या पाठीला टाचणीने लावलेला होता. घेऊन जायला त्या यायला तर हव्यात.

त्यांच्या न येण्याची कारणं मला तोंडपाठ आहेत. दाढ दुखतेय. मावशी आलीय. घसा बसलाय. हे शेवटचं कारण त्यांनी फोनवर इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं की पहिल्या रांगेनेही ऐकलं. एकदा त्यांचे वडील स्वतः येऊन सरांना म्हणाले की आमच्या मुलीचं तयारच असतं, तुम्ही बाकीच्यांकडे बघा. सरांनी मान डोलावली आणि बाकीच्यांकडे बघितलं.

कार्यक्रमातल्या शेवटच्या गाण्याच्या अखेरीस बारा मात्रांचा एक लांब सूर होता. तो कुठेही तुटता कामा नये. एका दमात तो कुणालाच झेपत नाही, म्हणून सरांनी जोड्या लावल्या. एकीने चौथ्या मात्रेला श्वास घ्यायचा, दुसरीने आठव्या. एक थांबली की दुसरीने सूर धरून ठेवायचा. बाईसाहेबांना चौथी मात्रा दिली, कुजबुजला आठवी. शेवटच्या सरावापर्यंत सूर अखंड झाला नाही तर हे गाणं काढून टाकू, असंही सरांनी सांगितलं. कुजबुजला सगळ्यांत आवडायचं ते हेच गाणं.

पण आठव्या मात्रेपर्यंत तिचा दम पुरेना. तिसऱ्या सरावाला सरांनी अदलाबदल केली. आता कुजबुज चौथ्या मात्रेला श्वास घेणार, आणि तेव्हा सूर धरणार बाईसाहेब, म्हणजे त्यांच्या जागी मी. प्रत्येक वेळी तिथे भोक पडायचं.

"खुर्चीचा आवाज आज जरा कमी येतोय," सर म्हणाले. सगळे हसले. कुजबुज हसली नाही.

शेवटच्या सरावाला पलीकडच्या रांगेतल्या एका मुलीने ती एक मात्रा उसनी गायली, म्हणून गाणं राहिलं. मधल्या सुट्टीत कुजबुजने बाईसाहेबांना फोन लावून अदलाबदल समजावून सांगायला सुरुवात केली. फोनमधला आवाज खोलीभर पसरला. "अगं, श्वास काय शिकायचा? जन्मल्यापासून घेतेय मी."

कार्यक्रम आमच्याच सभागृहात झाला. आम्हा खुर्च्यांनाही मंचावर नेलं होतं, दोन गाण्यांच्या मधे मुलांना टेकायला. बाईसाहेब वेळेवर आल्या. लांब सूर सुरू झाला तेव्हा मी त्यांच्या मागेच होते. एक, दोन, तीन. कुजबुजचा दम संपत आलेला मला दिसत होता. आणि चौथ्या मात्रेला बाईसाहेबांचे खांदे वर गेले. त्या जुन्याच हिशोबाने श्वास घेत होत्या.

कुजबुजने घेतला नाही. त्या एका मात्रेपुरता खालचा सूर तिने एकटीने धरला, कुठल्याही आडोशाशिवाय. आवाज थरथरला, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पाचव्या मात्रेला बाईसाहेब परतल्या, तेव्हा कुठे तिने श्वास घेतला. तिचा हात मागे आला होता आणि माझी पाठ तिने घट्ट पकडली होती.

टाळ्या वाजल्या. बाईसाहेबांचे वडील मंचावर येऊन सरांना म्हणाले, बघा, सरावाशिवाय जमलं की नाही. सरांनी पुन्हा मान डोलावली. या वेळी मात्र ते बघत होते कुजबुजकडे.

वडील गेल्यावर बाईसाहेबांनी हळूच विचारलं, "तू श्वास का नाही घेतलास?"

"तू घेतलास म्हणून."

बाईसाहेबांनी मान वळवून कुजबुजकडे नीट बघितलं. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या मंगळवारी पाचला पाच मिनिटं कमी असताना त्या आल्या आणि माझ्यावर बसल्या. मी डुगडुगले.

"ही खुर्ची डुगडुगते," त्या म्हणाल्या.

"वर्षभर डुगडुगतेय," कुजबुज म्हणाली. मागच्या रांगेलाही ऐकू गेलं.

मग तिने माझ्या पाठीवरचा नियमांचा कागद काढला, चार घड्या केल्या आणि माझ्या आखूड पायाखाली सरकवला. त्या कागदाचा इतका चांगला उपयोग आजवर कुणी केला नव्हता.

आता मी हलत नाही. माझं मागणं एवढंच आहे, बाळांनो, की येऊन बसत जा. हजेरी काय, मी एकटीही लावते. पण चौथ्या मात्रेला माझा काही उपयोग होत नाही.