आईचा चटका

"जगदंबेचा उदो!" माळावरची सगळी गर्दी ओरडली. श्रीमंतबुवा डोळे मिटून, लिंबाचा डहाळा हलवत बोलत होता. "हात लावू नका पोरीला! डाव्या कमरंला आईनं चटका दिलाय. काळा हाय, पण दुखत न्हाई. बगा!"

बायकांनी साक्षीला आडोशाला नेऊन पाहिलं. डाव्या कमरेला खरंच काळी खपली होती. झालं, नारळ फुटू लागले.

साक्षी माझी भाची. आठवडाभर तापानं फणफणत होती, आता धापही लागली होती. माझी बहीण शिवगंगा तिला दवाखान्यात नेईना, कारण सुई टोचली की आई कोपते, असं बुवानं बजावलं होतं. म्हणून मीच उदगीरहून डॉ. उज्वला बिरादारांना घेऊन आलो. इकडचा हा ताप गवतातल्या किड्यामुळे येतो, असं त्यांनी लातूरच्या बैठकीत मांडलं, तेव्हा 'तो डोंगराळ मुलखातला रोग, आपल्याकडं कुठला?' म्हणून शहाणे डॉक्टर हसले होते. बाई मात्र गावोगाव आजाऱ्यांच्या अंगावर काळी खपली शोधत फिरत राहिल्या.

साक्षीची नाडी पाहून त्यांचा चेहरा उतरला. "आत्ताच न्यायला हवं. संध्याकाळपर्यंत थांबलात, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"आईच्या दारातून नेली, तर पोरगी येशीपर्यंत बी जगायची न्हाई!" बुवा गरजला. शिवगंगानं लेकीला घट्ट धरलं. बुवाचं नरडं धरावं, असं मला वाटलं.

साक्षीच्या अंगावरची हळद पाहून डॉक्टरांनी विचारलं, "बुवा, इथं बसवण्याआधी हिला हळदीच्या पाण्यानं आंघोळ कोणी घातली?"

"आमच्या मंडळीनं. बाप्यांना माझा भाऊ घालतो. रीतच हाय ती."

"मग हे रामलिंगआप्पा आत्ताच आलेत, तापानं थरथरतायत. यांचा चटका आंघोळीआधी सांगा."

आप्पांची बायको नागम्मा याच तापानं मागच्या महिन्यात गेली होती. पथ्य मोडलं म्हणून आई कोपली, असा बुवाचा निवाडा होता.

डहाळा जोरात हलला. "कमरंला... उजव्या!"

आप्पांनी सदरा वर केला. काही नव्हतं.

"डावीकडं बी बगा की!"

तिथंही नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना हात वर करायला लावला. काखेत काळी खपली होती.

"मी पाहिली म्हणून मला दिसली," त्या म्हणाल्या. "आंघोळ घालणारा पाहतो आणि बुवांच्या कानात सांगतो. गवतातला बारीक किडा कपडा आवळतो तिथं चावतो आणि तिथंच ही काळी खपली धरते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. यावर साध्या गोळ्या आहेत, पण वेळेत घ्यायला हव्यात."

शिवगंगा अजून हलेना. "मग शेजारचा सोमेश अंगाऱ्यानं कसा बरा झाला?"

"बरोबर विचारलंत. काही ताप आपसूक उतरतात. बुवा त्यांचीच नावं घेतात. जे गेले, त्यांची कोण घेतं?"

रामलिंगआप्पा बुवाकडं बघत म्हणाले, "माझ्या नागम्मानं पथ्य मोडलं न्हवतं, बुवा. पथ्यापायी उपाशी मेली ती."

शिवगंगानं साक्षीला उचललं आणि ती जीपकडं धावत सुटली.

साक्षी वाचली, आप्पाही वाचले. दोघांच्या रक्तात तोच किड्याचा ताप निघाला आणि त्या अहवालानं लातूरच्या डॉक्टरांचं हसू थांबवलं. गावकरी नारळ घेऊन दवाखान्यात गेले, तेव्हा बाईंनी तो परत केला आणि अहवाल वाचायला दिला. माझ्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका, म्हणाल्या.

बाबांनो, ताप आला तर अंग नीट पाहा आणि दवाखाना गाठा. आणि कुणी न पाहता अंगावरची खूण सांगितली, तर हात जोडण्याआधी एवढं विचारा, आंघोळ कोणी घातली?