आवक, दहा जून

बारकीने तीन माहितीपुस्तिका माझ्या टेबलावर ठेवल्या तो दिवस वीस मेचा. माझी स्मरणशक्ती चांगली आहे असं नव्हे. तिन्ही पुस्तिकांच्या वरच्या कोपऱ्यात मी लगेच पेन्सिलीने ‘आवक, वीस मे’ असं लिहिलं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात छत्तीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी केल्या, तेव्हापासून हाती आलेल्या कागदावर तारीख टाकल्याशिवाय मला तो वाचताच येत नाही. लग्नाच्या पत्रिकांवरही टाकतो. बायको म्हणते, ‘‘एक दिवस माझ्या कपाळावर टाकाल.’’

‘‘आबा, तुम्हीच ठरवा,’’ बारकी म्हणाली. बारकी म्हणजे माझी नात, मुलाची मुलगी. आता अठरा वर्षांची आणि माझ्याहून वीतभर उंच, पण नाव चिकटलं ते चिकटलं. ‘‘तिन्ही विद्यापीठांत जागा मिळतेय. स्लाव्हिक, बाल्टिक आणि अल्बेनियन, सगळ्या भाषा एकाच विभागात. घरात तुमच्याशिवाय कुणाला काय कळतंय यातलं? पंधरा जूनला कळवायचंय. त्याच्या आत सांगा, म्हणजे झालं.’’

‘‘आणि माझं चुकलं तर?’’

‘‘तुमचं कधी चुकतं?’’

माझं पुष्कळदा चुकतं. पण असं कुणी म्हटलं की ऐकायला बरं वाटतं.

या भाषा मला कशा ठाऊक, हे सांगायला हवं. आमच्या ग्रंथालयाला कुणीतरी एकदा कपाटभर पुस्तकं भेट दिली. चौदा नंबरचं कपाट. नोंद करायची तर निदान नाव वाचता यायला हवं, म्हणून मी लिपी शिकलो, मग शब्द, मग व्याकरण. यातल्या एकाही भाषेत मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. बोललो तर समोरच्याला समजेल की नाही, याची खात्री नाही. त्या कपाटाकडे कुणी फिरकत नसे. फक्त शाळा सुटल्यावर बारकी यायची आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसायची. सात वर्षांची असताना तिने विचारलं होतं, खालची ती अकरा पुस्तकं वेगळी का? मी म्हटलं, वरच्या तीन फळ्या स्लाव्हिक, त्या सगळ्या बहिणी बहिणी. चौथीवर बाल्टिक, त्यांतल्या दोघीच उरल्या. आणि ही अल्बेनियन, ही एकटीच.

‘‘हिला कुणीच नाही?’’

‘‘जवळचं कुणी नाही.’’

‘‘मग मी हिच्याशी बोलेन.’’

तेव्हापासून तिचं ठरलेलंच होतं. बाकीच्या भाषा जमतील तशा शिकायच्या, पण जायचं ते अल्बेनियनसाठी.

आता विद्यापीठ निवडायचं कसं? पुस्तिकांत हिरवळीवर हसत बसलेली मुलं होती. हिरवळ काय, कुठेही असते. माझा विश्वास एकाच गोष्टीवर. ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांचा कागद चिकटवलेला असतो ना, तो खोटं बोलत नाही. कुठलं पुस्तक किती वेळा बाहेर गेलं, ते तिथे शिक्क्यांत दिसतं. प्राध्यापकांना लिहायची माझी छाती नव्हती. मी तिन्ही ग्रंथालयांना पत्रं लिहिली. तुमच्याकडे अल्बेनियनची किती पुस्तकं आहेत, आणि गेल्या दहा वर्षांत ती किती वेळा नेली गेली?

बायको म्हणाली, ‘‘पोरीचं लग्न ठरवताना तरी इतकी चौकशी करतात का?’’

मी एक नवी वही सुरू केली, तीन रकाने आखले. सकाळ-संध्याकाळ पोस्टात चकरा मारायला लागलो. पहिल्या, मोठ्या विद्यापीठाकडून आभाराचं छापील कार्ड आलं. टेकडीवरच्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांनी तारखांच्या कागदांच्या प्रतीच पाठवल्या. कागदावर कागद चिकटवलेले, शिक्क्यांना जागा नाही. एक व्याकरण तिसऱ्यांदा बांधायला गेल्यामुळे त्याची प्रत पाठवता येत नाही, म्हणून ते माफी मागत होते. मी आनंदाने उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

नदीकाठच्या विद्यापीठाचं पत्र दहा जूनला आलं. कोपऱ्यात तारीख टाकली आणि वाचायला बसलो. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं:

‘पुस्तिकेत नाही अशी एक गोष्ट, तुम्ही आमच्याच कामातले म्हणून, कळवते. अल्बेनियन शिकवणाऱ्या बाई यंदा निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कुणाला घेणार नाहीत. विषय पुस्तिकेत छापलेला राहील, वर्ग भरणार नाहीत. ती पुस्तकंही ऑगस्टमध्ये तळघरात जायची आहेत. तुमच्या नातीचा ग्रंथालयाचा अर्ज प्रवेश पक्का केल्याच्या कागदासह नऊ मेलाच आमच्याकडे पोहोचला, आडनावावरून ओळखलं. आली की मला भेटायला सांगा.’

नऊ मे. मी पुस्तिकांचे कोपरे पुन्हा पाहिले. वीस मे.

बायको स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती.

‘‘बारकीचा प्रवेश कधी झाला?’’

‘‘अं? तुम्ही ठरवताय ना अजून?’’

मी पत्र पुढे केलं. ‘‘चष्मा कुठे गेला कुणास ठाऊक,’’ ती म्हणाली.

‘‘तुझ्या डोक्यावर आहे.’’

तिने चष्मा काढला, पुसला, पण डोळ्यांवर लावला नाही. ‘‘बसा जरा,’’ ती म्हणाली. मी उभाच राहिलो.

‘‘निवृत्त झाल्यापासून दिवस दिवस खिडकीत बसून असायचात. जेवायला हाक मारली तर ‘हो’ म्हणायचं आणि तिथेच. मी घाबरले होते हो. डॉक्टर म्हणाले, यांना काहीतरी काम द्या.’’

‘‘म्हणून हे काम?’’

‘‘कल्पना माझी. पोरीला बोल लावू नका. तिची मैत्रीण नदीकाठी चाललीय, वसतिगृह चांगलं आहे, तिने आधीच तिथलं पक्कं केलं होतं. मी म्हटलं, आबांना विचारल्यासारखं कर. लगेच तयार झाली.’’

‘‘लगेच?’’

‘‘लगेच!’’ बायकोने हे कौतुकाने सांगितलं. ‘‘आणि बघा ना, कसे तरतरीत झालात. भूक लागते, झोप लागते.’’

‘‘आणखी कुणाकुणाला माहीत आहे?’’

‘‘घरातल्यांनाच. तुम्हाला कळलं हे तिला सांगू नका हं. रडेल.’’

अल्बेनियनबद्दल मी बायकोला काही बोललो नाही. का, ते मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. त्या क्षणी एवढंच वाटलं, की ज्यांना माझं उत्तर नको होतं, त्यांना ते घाईने कशाला द्यायचं? पंधरा तारखेला अजून पाच दिवस होते.

ते दिवस मी मुकाट वही लिहीत बसलो. जेवताना मुलगा विचारायचा, ‘‘काय बाबा, निकाल कधी?’’ सून म्हणायची, ‘‘बाबांना घाई करू नका हो, जबाबदारीचं काम आहे.’’ बारकी हनुवटी हातावर टेकून म्हणायची, ‘‘आबा, नुसतं पहिलं अक्षर सांगा ना! प्लीज!’’ सगळे किती सफाईने करत होते. मी आमटीच्या वाटीत बघत ‘पंधराला’ म्हणायचो. माझी बारकी इतकं छान खोटं बोलते, हे मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर ते बघताना मला एक प्रकारची गोडी लागली होती. यांना वाटतंय म्हाताऱ्याला काही कळत नाही. टेबलाच्या खणात ते पत्र होतं, आणि ते आहे हे मी क्षणभरही विसरलो नव्हतो.

चौदा तारखेला सकाळी मी वही बारकीला दिली. मुदतीच्या एक दिवस आधी, माझ्या सवयीप्रमाणे. वर नदीकाठचं पत्र टाचलेलं. बोलायचं एक वाक्य अंघोळ करताना पाठ केलं होतं, ‘काम खोटं होतं, पण मी ते खरं केलं.’ ऐन वेळी तोंडातून निघालं नाही.

‘‘अय्या, झालं?’’ ती तयार ठेवलेलं हसू हसली आणि पत्र वाचायला लागली. वाचता वाचता तिचं हसू गेलं. ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. दाराआडून तुटक ऐकू येत होतं. ‘‘हो, बारा तारीख, मला माहीत आहे... नाही, पण मी... दिली? कधी?’’

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

‘‘टेकडीवाल्यांनी माझी जागा बारा तारखेपर्यंत ठेवली होती. विचार बदलला तर कळवा म्हणाले होते. काल ती दुसऱ्या कुणाला दिली.’’

‘‘तू पंधरा म्हणाली होतीस.’’

‘‘पंधरा मी असंच म्हटलं होतं, आबा. तुम्हाला निवांत वेळ मिळावा म्हणून. मला वाटलं तुम्ही...’’ बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते. आधी बरं वाटलं. माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला निघालेली तारीख हिच्याच डोळ्यांत गेली, असं. मग ते बरं वाटणं सरलं आणि स्टुलावर बसून अकरा पुस्तकांकडे बोट दाखवणारी पोर दिसायला लागली. दहा तारखेला मी बोललो असतो तर दोन दिवस हातात होते.

बारकीने नाक पुसलं आणि पत्र पुन्हा उचललं.

‘‘आबा, हे पत्र कधी आलं?’’

कुठलाही कागद हाती आला की आधी वरचा कोपरा बघायचा, हे तिला मीच शिकवलेलं. पण तिचा अंगठा नेमका त्या कोपऱ्यावर होता.

‘‘काल संध्याकाळी,’’ मी म्हणालो.

तिने अंगठा उचलला.