डिकॉक्शनमध्ये बुडवलेलं मूळ गाव

अक्का आयुष्यात एकदाच खोटं बोलली आणि तेही तिला धड पुरं करता आलं नाही. ते अर्धं खोटं घेऊन ती भर दुपारी माझ्या दुकानात आली.

माझं दुकान तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत. फोटोंना चौकटी बसवतो, पत्रिका छापतो, जुने फाटके फोटो कम्प्युटरवर दुरुस्त करतो आणि मेलेल्या माणसांना नवे कोट घालतो. आमच्या गल्लीत कुणाच्या आजोबांच्या गळ्यात टाय दिसला, तर तो मीच बांधलाय असं बेलाशक समजा.

"रघू, दार लोट," अक्का म्हणाली.

"दार कुठलं अक्का, शटर आहे. आत्ता ओढलं तर लोक म्हणतील, बुडालं दुकान."

"मग हळू बोल. मज एक गाव पाहिजे."

"विकत की भाड्यानं?"

तिनं छत्रीनं माझ्या गुडघ्यावर एक ठेवून दिली. मग स्टुलावर बसली, पदरानं मान पुसली आणि सांगायला लागली.

तिची मुलगी अखिला पुण्याला नोकरीला. तिथल्याच श्रीकर नावाच्या मुलाशी तिनं लग्न ठरवलं होतं. पोरांनी सगळं आपापसात उरकलेलं, आयांनी फक्त फोनवर गोड बोलायचं बाकी होतं. तर श्रीकरच्या आईनं, म्हणजे रंजनाबाईंनी, बोलता बोलता विचारलं, तुमचं मूळ गाव कोणतं?

"मग तंजावूर म्हणायचं."

"म्हटलं की रे! त्या म्हणतात, ते झालं, पण त्याच्या आधीचं? इकडचं?"

आता आमचं असं आहे, की आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडं आले हे सगळ्यांना ठाऊक, पण कुठून आले ते कुणालाच नाही. आमच्याकडं फक्त एक शब्द उरलाय, डोंगर. आजी चिडली की म्हणायची, "आम्ही डोंगरातली माणसं, आमच्या नादी लागू नका." हे ती जिथं उभी राहून म्हणायची तिथं चारी दिशांना भाताची सपाट शेतं. आमच्या तालुक्यात उंच चढायचं तर एक मोठं देऊळ आहे, नाहीतर उड्डाणपूल.

"मग काय म्हणालीस?"

"म्हटलं, डोंगरात आहे. त्या काही बोलेनात. तिकडं नुसती शांतता. मज घाम फुटला. म्हटलं, जुने फोटो आहेत, भावाकडे आहेत. तरी शांतता. म्हटलं, नकाशा पण आहे."

"नकाशा?"

"तोंडातून गेलं रे!" अक्काचे डोळे भरले. "मूळ नसलेली माणसं म्हणतील आपल्याला. अखिलाला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. पुढच्या महिन्यात लग्ननिश्चयाला येतायत त्या. कर काहीतरी. एवढ्या लोकांना फसवतोस, एकदा बहिणीसाठी फसव."

असं आमंत्रण मला जन्मात कुणी दिलं नव्हतं. मी तिला कापी मागवली; कॉफीला आम्ही कापीच म्हणतो.

फोटो सोपे होते. यरकाडच्या, इकडच्या थंड हवेच्या डोंगरावरच्या, सहलीचे निवडले, त्यातली तमिळ पाटी कापली, कडेचा चुलतभाऊ कापला, रंग काढून टाकले. धुक्यात कुठला डोंगर कुठला, हे त्याचं त्यालासुद्धा सांगता यायचं नाही. एक गाय होती, ती ठेवली. गाय सगळीकडं चालते.

नकाशाला बसलो तेव्हा अडलो. गाव काढायचं म्हणजे घरं कुठं, विहीर कुठं, देऊळ कुठं, वाट कुठं वळते, हे माहीत पाहिजे. मला जगात एकच जागा अशी पाठ आहे. तेव्हा मी आमचीच गल्ली काढली. कोपऱ्यावर मारुती, पुढं चौकोनी विहीर, मग वाट डावीकडं मोडते, तिथं सीतारामरावांचं घर, त्यांच्या शेजारी अंबुजाबाईंचं, दोघांच्या मधल्या भिंतीवर वाकलेला शेवगा, आणि समोर अक्काचं घर. चारी बाजूंना डोंगरच डोंगर उभे केले. मोठ्या देवळाच्या जागी सगळ्यात उंच सुळका. मोकळ्या जागेत मोडीसारखी वेटोळी काढली, कारण मोडी इथं कुणाला वाचता येत नाही आणि पुण्यातही येत नसणार. गावाचं नाव यायला हवं तो कोपरा उदबत्तीनं जाळून वाळवीच्या नावावर घातला. मग कागद डिकॉक्शनमध्ये, कापीच्या घट्ट काळ्या अर्कात, बुडवून गच्चीवर वाळत टाकला. बायको, गायत्री, म्हणाली, "सकाळच्या कापीचं डिकॉक्शन कोठें गेलं?" मी म्हणालो, "आपल्या मूळ गावी."

पुण्याला पाठवायच्या आधी माल खपतो का बघावं, म्हणून आमच्या लोकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, एक जुनी चौकट दुरुस्तीला उघडली, मागं हे निघालं, कुणाला काही ओळखू येतं का?

ओळखू येतं का! तासाभरात अख्खा ग्रुप रडत होता.

पहिले सीतारामराव. शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, पण शाळेपुरतेच. त्यांनी भलामोठा व्हॉइस मेसेज पाठवला. "विहीर ओलांडून वाट डावीकडं मोडते, तेथलें पहिलें घर आमचें. आजोबा सांगत असत. माझ्या अंगावर कांटा आला आहे. हें रक्त ओळखतें, डोळे नव्हेत."

रक्ताचं बरोबर होतं. त्याच घरात बसून ते बोलत होते.

मग अंबुजाबाई उठल्या. या विधवा बाईंचा आणि सीतारामरावांचा शेवग्यावरून वाद मी मिशी फुटल्यापासून ऐकतोय. त्यांनी लिहिलं, "झाड नीट पाहा. भिंतीच्या आमच्या बाजूला आहे. म्हणजे पूर्वीपासून शेंगा आमच्याच."

"मूळ आमच्या बाजूस दिसतें," सीतारामराव.

"मूळ राहू द्या, वाकलंय कुणीकडं ते सांगा."

"आपल्या घराण्याची ही खोड डोंगरातली आहे, हें आज समजलें."

"माझ्या घराण्याचं नाव घ्याल तर बघा! तिथंही तुमच्याच लोकांनी शेंगा चोरल्या असणार!"

मी फोन उशीत दाबून हसत होतो. माझ्या पेनाचा फटकारा जरा उजवीकडं गेला असता तर इतिहास बदलला असता.

नकाशा अक्कालाही दाखवला. ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "किती ओळखीचं वाटतं रे. खोटं आहे ना नक्की?"

"अगदी खोटं."

"असं वाटतं, या घरात मी राहिलेय."

मी नकाशा गुंडाळून तिच्या हातात दिला. तिची गंमत मोडायचा मला काय अधिकार!

तिनं सगळं पुण्याला पाठवलं. तिकडून आलं, "किती सुंदर! नकाशा जरा मोठा करून पाठवाल का?" या एका वाक्यानं अक्काला ताप भरला. रोज दुकानात येऊन विचारायची, मोठा कशाला मागितला असेल? त्यात सीतारामरावांनी ग्रुपवर जाहीर केलं, की पहिली लग्नपत्रिका मूळ गावच्या देवापुढं ठेवायची ही आपली जुनी रीत. गाव हरवलं म्हणून आपण इतकी वर्षं ती कुठल्याही देवळात ठेवत आलो. आता गाव सापडलं, तेव्हा अखिलाची पत्रिका तिथल्या मारुतीपुढंच गेली पाहिजे, आणि नकाशा रघुपतीला सापडला, सबब रघुपती जाईल.

"आता जा," अक्का म्हणाली. "जा डोंगरात आणि तिकडेच राहा."

निश्चयाच्या आदल्या दिवशी पुण्याची मंडळी हॉटेलात उतरली. संध्याकाळी गाडी घेऊन त्यांना आणायला मी जायचं असं ठरलं होतं. दुपारी मी अक्काकडं पहिली पत्रिका छापून घेऊन बसलो होतो. अक्का ओट्यावर मुरुक्कू, म्हणजे आमच्याकडच्या चकल्या, डब्यात भरत होती. तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. पायात बूट, हातात फोन, घामानं चिंब.

"राजलक्ष्मीबाई ना? मी रंजना. म्हटलं, जरा चालत यावं."

अक्काच्या हातातला मुरुक्कू मोडला. "अय्यो, एकट्या आलात? पत्ता कसा सापडला? गल्लीत सगळे वाट चुकतात!"

"पत्त्याचं काय, तुमचा नकाशा होता की." त्यांनी फोन पुढं केला. "कोपऱ्यावर मारुती दिसला. म्हटलं, योगायोग. मग चौकोनी विहीर लागली. मग वाट डावीकडं मोडली. तिथं शेवगा, आणि शेवग्याखाली एक आजोबा आणि एक बाई भांडत होते. तेवढे नकाशात नव्हते. आणि हो, डोंगर कुठं दिसले नाहीत. आज ढग आहेत का?"

अक्कानं नकाशाकडं पाहिलं. मग गल्लीकडं. मग माझ्याकडं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की तिलाही आत्ताच कळलं.

"गाढवा," ती हळूच म्हणाली. मग रंजनाबाईंकडं वळली आणि तिनं हात जोडले. "खोटं आहे हो सगळं. मज आमचं मूळ गाव ठाऊक नाही. कुणालाच नाही. तुम्ही फोनवर एकदम गप्प झालात, मी भ्यालें. माझ्या खोट्यापायी पोरीचं लग्न मोडूं नका."

"मी गप्प झाले?" रंजनाबाई आठवायला लागल्या. "त्या दिवशी दूध उतू गेलं हो! फोन ठेवून गॅसकडं धावले. परत येते तो तुम्ही नकाशाचं म्हणत होतात. मला वाटलं, काय जुन्या वस्तू जपणारी माणसं आहेत!"

मी इतका हसलो की मुरुक्कूचा डबा सांडला.

रंजनाबाई ओट्यावर टेकल्या. "अहो, मूळ गाव मी विचारलं, कारण मला माझ्या लग्नात विचारलं होतं. विचारायचं असतं. आमच्या ह्यांचं घाटावर चिरेबंदी घर आहे म्हणे. लग्न होऊन अख्खा संसार झाला, अजून त्या घराचा फोटो नाही दिसला. विषय काढला की म्हणतात, रस्ता खचलाय." त्या माझ्याकडं वळल्या. "हा तुम्ही केलात? आम्हालाही एक करून द्या. डोंगर थोडे कमी घाला, ह्यांना दम लागतो."

अशी विहीण बहिणीला मिळाली म्हणजे देव आहे. मी पत्रिकेची अडचण सांगितली. रंजनाबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "मारुती आत्ता उघडा असतो?"

गेलो तिघंही. कोपऱ्यावरच्या मारुतीच्या गळ्यात वड्यांची माळ होती. "ही काढायला सांगा," रंजनाबाई म्हणाल्या. "आमच्याकडं मारुतीला वडे नाहीत, रुईची पानं." रुई देवळाच्या भिंतीलाच उगवली होती. पुजाऱ्यानं माळ उतरवून आमच्याच हातात दिली. अक्कानं पत्रिका मारुतीच्या पायाशी ठेवली, डोळे मिटले, आणि बराच वेळ काहीतरी पुटपुटली. ते मात्र खोटं नव्हतं. मी अगदी जवळून फोटो काढला. उजव्या कानाची चीर, शेंदूर, रुई, पत्रिका. रंग काढायची गरज पडली नाही, तसाच रंजनाबाईंच्या फोनवर पाठवला.

निश्चयाच्या समारंभात रंजनाबाईंनी सीतारामरावांना नमस्कार करून सांगितलं, की पत्रिका त्याच घेऊन जातील, गाव त्यांच्या वाटेवरच आहे. म्हातारा गहिवरला. आठवड्यानं रंजनाबाईंचा पुण्याहून फोटो आला, तो अक्कानं ग्रुपवर टाकला. "तुमच्या मारुतीपुढे पत्रिका ठेवली. डोळे भरून आले."

आम्ही सगळे तेव्हा अक्काच्या ओट्यावर होतो. सीतारामरावांनी चष्मा चढवला, फोन नाकाशी नेला, आणि फोटो बोटांनी मोठा केला.

"ही उजव्या कानाची चीर पाहा. आजोबा सांगत असत. काय ती मुद्रा! हें डोंगरातलें तेज आहे, अंबुजाबाई. नाहीतर आपला कोपऱ्यावरचा. रोज हात जोडतों, पण खरें सांगूं? त्याच्यात हें नाहीं."

"नाहीच," अंबुजाबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

अक्कानं तोंडात पदर कोंबला आणि आत पळाली. मी सीतारामरावांना विचारलं, फोटो मोठा करून चौकटीत बसवून देऊ का?

"दे," ते म्हणाले. "पण रघू, कोट घालू नकोस."