सांगलीत वाजली हंगेरीची धून

सांगलीची बँड स्पर्धा तोंडावर आली आणि रसूलभाईंचं तोंडच एका बाजूला वाकडं झालं. चेहऱ्याचा लकवा. डॉक्टर म्हणाले, "उतरेल, पण तोवर फुंकायचं नाही." तासगावच्या त्यांच्या बँडात क्लॅरिनेट वाजवणारे ते एकटेच, आणि यंदा सगळी मदार क्लॅरिनेटवरच होती.

कारण कृष्णात हवालदार. फौजेच्या बँडातून निवृत्त होऊन मलकापूरला परतलेल्या या माणसानं रसूलभाईंच्या मंडळींना एक परदेशी रचना शिकवली होती. हंगेरीच्या खेड्यापाड्यांतल्या चाली घेऊन जुन्या काळी कुणी मोठ्या वाद्यवृंदासाठी बांधलेली. आधी संथ, काळीज पिळवटणारी. मग अशी सुसाट, की पाय जाग्यावर राहू नयेत.

"नाव मागं घिऊ," रसूलभाई बोबड्या आवाजात म्हणाले.

"अब्बा, मी वाजवते," त्यांची लेक समीना म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघत राहिले. बापाशेजारी बसून ती लहानपणापासून शिकली होती. ही रचनाही तिला पाठ होती. पण घराबाहेर तिनं कधी क्लॅरिनेट ओठाला लावली नव्हती. लग्नाच्या बँडात पोरी वाजवत नाहीत, हे तिला कुणी सांगावंही लागलं नव्हतं.

"आवं, दिल्लीच्या परेडला पोरींचं अख्खं बँडपथक वाजवत जातंय," कृष्णात म्हणाले. "वाजवू द्या की!"

रसूलभाईंनी आपली क्लॅरिनेट पुसली आणि लेकीच्या हातात दिली.

सांगलीच्या मैदानात तिचा पहिलाच सूर चिरकला. संथ भाग सुरू होताच मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, नाचायचं कायतरी लावा! झोप याय लागली!" हशा पिकला. समीनाचे कान तापले. एकदम जलद भागात उडी घ्यावी, असं तिला वाटलं. पण बँडाला इशारे द्यायला समोर उभ्या कृष्णातांचा हात खालीच होता. दम धर.

तिनं डोळे मिटले, श्वास भरून घेतला आणि सूर लांबवला. तो इतका लांब, इतका भरून गेला, की हसणारे आपोआप गप्प झाले. मैदानात चिटपाखरू हलेना.

मग कृष्णातांचा हात वर गेला. बँडातल्या झिशानचा ढोल कडाडला, ट्रंपेट उसळले आणि समीनाची बोटं पळत सुटली. पोरं नाचायला लागली. मधेच सगळा बँड टक्कन थांबला. संपलं समजून लोकांनी टाळ्या पिटल्या, तोच समीनानं दुप्पट वेगात पुन्हा उचललं! आता बायाही उठल्या, परीक्षकांचे पाय टेबलाखाली हलू लागले. शेवटच्या सुराला जो गलका उठला, त्यात ढोलसुद्धा ऐकू येईना.

पहिला नंबर! कप घ्यायला रसूलभाईंना बोलावलं, तर त्यांनी समीनाला पुढं ढकललं. "माझं न्हाई, हिचं नाव घ्या," ते माईकवर म्हणाले. "समीना रसूल मुल्ला!"

तासगावच्या स्टँडवर उतरताच माणसांनी त्यांना गराडा घातला. "पुन्यांदा वाजवा!" रसूलभाईंनी कप डोक्यावर घेतला, निम्म्याच तोंडानं पण मनापासून हसले आणि चालू लागले. मागून समीनानं क्लॅरिनेट ओठाला लावली आणि भर बाजारपेठेतून हंगेरीची ती धून वाजत निघाली.