नऊ महिन्यांच्या आतलं पोर

आमच्या गावात लस टोचणारी मी एकटीच. माझं नाव तलातु. मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने सोडलं, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून धाकट्या भावाच्या घरी राहते. दवाखान्याने शिकवलं, निळी बर्फाची पेटी दिली, आणि मी घरोघर हिंडू लागले.

पहिल्याच वर्षी विहिरीवर असबे बायकांना म्हणाली, "वांझेच्या हातची लस घेतल्यावर पोरी वांझ होणार नाहीत तर काय आंबे लागतील त्यांना?" सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले, काय करणार? असबे माझी लहानपणची मैत्रीण. आम्ही एका चटईवर निजलेल्या, एका वाडग्यातली आंबील प्यालेल्या. पण तिचं ते बोलणं गावाने उचललं. त्यानंतर पेटी घेऊन मी गल्लीत शिरले की बायका पोरींना आत हाका मारायच्या.

तरी हळूहळू पुष्कळ घरं वळली. उरली ती असबेची गल्ली. मी तिच्या देवडीत उभी राहून सांगायची, "अगं, गोवराची लस नऊ महिन्यांच्या आत देत नाहीत. तेवढ्या लहानग्यांना राखायचं तर मोठ्या पोरांनी टोचून घ्यायला हवं. काटेरी कुंपण असतं ना शेताला, तसं. एका जागी भगदाड राहिलं की शेळी तिथूनच शिरते."

"शेत तुझं नाही, पोरंही तुझी नाहीत," असबे आतूनच म्हणायची. "घरधनी नको म्हणतो. जा बाई."

त्या वर्षी धुळीचा वारा फार दिवस टिकला. सगळ्यांचेच डोळे लाल, सगळेच खोकत होते. भावजय रकियाची जुम्माई तेव्हा सात महिन्यांची. ती रात्री आईजवळ झोपे, पण दिवसभर माझ्या पाठीवर बांधलेली असे. एका सकाळी असबेची थोरली, लाराई, डोक्यावर चवळीच्या भज्यांची परात घेऊन विकायला आली. डोळे लाल, नाक वाहत होतं. जुम्माईला बघून हसली आणि म्हणाली, "मावशी, घेऊ का हिला?"

मी पाठीवरचं फडकं सोडलं आणि पोर तिच्या हातात दिली. मला वाटलं, धुळीनेच डोळे आलेत.

चार दिवसांनी कळलं, लाराईच्या अंगावर पुरळ उठलंय. मी दिवस मोजत राहिले. अकराव्या दिवशी जुम्माईचं अंग तापलं. मग पुरळ आलं, मग श्वास लागला. दवाखाना दोन तासांवर. भावाने मोटारसायकल काढली, रकिया मागे बसली, पोर मधे. गाडीवर तिसऱ्याला जागा नव्हती. मी दारात उभी राहिले. दुपारी ते परत आले तेव्हा फडकं डोक्यापर्यंत ओढलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या बायका उठून गेल्या. असबे तेवढी चटईवर बसून राहिली. लाराई बरी झाली होती. असबे हळूच म्हणाली, "तलातु, खरं सांग. आमच्या घरातून आलं का हे?"

इतक्या वर्षांनी तिने माझं नाव घेतलं होतं. जिभेवर सगळं आलं. भजी, लाल डोळे, फडक्याची गाठ सोडणारे माझे हात. पण आत रकिया भिंतीकडे तोंड करून पडली होती. आणि मी 'हो' म्हटलं असतं तर गावाने लाराईला जन्मभर पोरखाऊ म्हटलं असतं.

"वारं होतं गं त्या दिवसांत," मी म्हणाले. "कुठूनही आलं असेल."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिला कळलं, एवढं मला कळलं. ती उठली, चपला शोधल्या आणि गेली.

पुढच्या महिन्यात मी कडुनिंबाखाली पेटी उघडली तेव्हा असबे चारही पोरी घेऊन पहिली उभी होती. तिच्यामागे तिची सगळी गल्ली. "धाकटीला आधी टोच, ती रडते," एवढंच म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही. आता मी विहिरीवर दिसले की ती लांबच्या वाटेने जाते. पूर्वी टोमणा तरी मारायची.

आज गावात न टोचलेलं पोर शोधून सापडत नाही. दवाखान्याचे लोक मला शाबासकी देतात.

रकिया पुन्हा उभी राहिली आहे. कधी संध्याकाळी जेवण वाढताना म्हणते, "वन्सं, तुम्ही सगळं गाव राखलंत, आपलीच तेवढी राखायची राहिली. अल्लाची मर्जी."

"हो," मी म्हणते, आणि माझं ताट घेऊन माझ्या खोलीत जाते.