माप: निम्मं-निम्मं

मी एक पिशवी. तळहाताएवढी, राखाडी, दोन बटणांची. माझं तोंड बहुतेक वेळ बंद असतं, तेही दोन ठिकाणी, त्यामुळे बोलायची सवय नाही. पण आता सगळं नीट पार पडलंय. माणसांचा जीव अशा वेळी भांड्यात पडतो म्हणे. माझा अस्तरात पडला. तेव्हा बोलूनच टाकते.

माझा जन्म शिंप्याच्या दुकानात, कापायच्या टेबलाखाली झाला. एका भरभक्कम गिऱ्हाइकाचा कोट बेतला, त्यातून जो तुकडा उरला ती मी. गिऱ्हाईक दोन इंचांनी बारीक असतं तर मी जरा ऐसपैस झाले असते. असो.

दुकान मास्तरांचं. मास्तर कापतात आणि शिवतात. दाराशी, उजेडाच्या बाजूला स्टुलावर बसून मावशी काजं करतात, बटणं लावतात, हातशिलाई घालतात. मावशी कोणाच्या मावशी, तर कोणाच्याच नाहीत. बावीस वर्षांपूर्वी काम मागायला आल्या, कुणीतरी पहिल्याच दिवशी ‘मावशी’ म्हटलं आणि ते बटणासारखं घट्ट बसलं. मास्तर त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे, तेही मावशीच म्हणतात.

दोघं मिळून दर आठवड्याला लॉटरीचं एक तिकीट घ्यायचे. निम्मे पैसे मास्तरांचे, निम्मे मावशींचे. एकदा ते तिकीट मास्तरांच्या शर्टाच्या खिशातच राहिलं आणि शर्ट गेला धुण्यात. निकालाच्या दिवशी हातात नुसता लगदा.

“कोण जाणे, आपण श्रीमंत झालेही असू,” मावशी म्हणाल्या. “आता कळायचं नाही.”

“साबण झाला श्रीमंत,” मास्तर म्हणाले.

त्याच दुपारी मावशींनी मला शिवलं. एका बाजूला मास्तरांचं बटण, कोटाचं, तपकिरी, चार भोकांचं. दुसऱ्या बाजूला मावशींचं, शर्टाचं, पांढरं, शिंपल्यासारखं चमकणारं. नियम असा की आपापलं बटण ज्याने त्याने लावायचं आणि ज्याने त्याने काढायचं. एकट्याने मला उघडायचं नाही.

मास्तरांना कुठलीही गोष्ट पावतीपुस्तकात लिहिल्याशिवाय झाली असं वाटतच नाही. त्यांनी कार्बन घालून पावती फाडली. क्रमांक चारशे बारा. गिऱ्हाईक: मास्तर आणि मावशी, पुढे दोघांची खरी नावं. काम: लॉटरीचं तिकीट, दर आठवड्याचं. माप: निम्मं-निम्मं. तयार कधी: लागेल तेव्हा. खाली तारीख आणि हसत हसत केलेल्या दोन सह्या. मावशींनी पावतीची घडी घालून ती माझ्या कापडात आणि अस्तरात सरकवली आणि वरून टीप मारली.

“कागद असला की तोंड ताठ राहतं,” त्या म्हणाल्या. मग दोघंही तो कागद विसरून गेली.

सहा वर्षं माझ्यात तिकिटं आली आणि गेली. आकडा लागला नाही हे कळल्यावरही माणूस तिकिटाकडे बराच वेळ बघत राहतो, जणू आकडा लाजून बदलेल. मास्तर बघायचे. मावशी नाही. त्या लगेच सुईत दोरा ओवायला घ्यायच्या.

आणि मग एका आठवड्यात आकडा लागला.

बक्षीस काही पहिलं नव्हतं. बंगला-गाडीवालं तर नव्हतंच. पण मावशी स्टुलावर बसायला गेल्या आणि स्टूल शेजारी राहून जमिनीवर बसल्या, इतपत मोठं होतं. त्यांना एकच गोष्ट दिसत होती. राहत्या खोलीचा मालक खोली विकायला निघाला होता. घ्यायची तर तीन महिन्यांत घ्या, नाहीतर रिकामी करा, असं त्याने सांगितलं होतं. कर कापूनही मावशींच्या वाट्यात खोली बसत होती. अगदी मापात, वर दोन बोटं सुटत होती, एका पंख्यापुरती.

मास्तरांनी घरी सांगितलं तेव्हा त्यांची बायको म्हणाली, “त्यांचं निम्मं आधी त्यांना देऊन या. मग मला सांगा, आपण श्रीमंत झालोय का ते.”

इथवर सगळं सरळ होतं. घोळ मास्तरांच्या चांगुलपणाने घातला. मावशींना कचेऱ्यांची धास्ती. म्हणून बक्षिसाचा फॉर्म त्यांनी एकट्याच्या नावाने भरला. “एकच नाव असलं की कटकट नाही,” ते घरी म्हणाले. “पैसे आले की निम्मे रोख काढायचे, पिशवीत भरायचे आणि मावशींच्या हातात द्यायचे. बक्षीस म्हणून नाही, भेट म्हणून. संपलं.”

घरात नवीन सून आलेली. लग्नाला दोन महिने झालेले. ती कमी बोलायची. म्हणाली, “बाबा, आधी कोणाला तरी विचारून घेऊ या का?”

“विचारायचंय काय त्यात? पैसे आपले, मावशी आपल्या.”

ती फोन घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी चहाचा कप सासऱ्यांसमोर ठेवून म्हणाली, “करसल्लागारांनी अकराची वेळ दिलीय. मावशींनाही बोलावलंय.” न बोलणारी माणसं अशी असतात. वाद घालत नाहीत, वेळ घेऊन येतात.

करसल्लागारांची खोली जिन्याखाली होती. फायलींचे ढीग, खडखडणारा पंखा आणि एक पाय आखूड असलेली खुर्ची. ती नेमकी मास्तरांच्या वाट्याला आली. मी सुनेच्या मांडीवर. माझ्यात तिकीट आणि बारीक घडी घातलेला तो फॉर्म. दोघांनी आपापली बटणं आधीच काढून ठेवलेली. बक्षीस मागायची शेवटची तारीख परवाची होती.

सल्लागारांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “भेट कोणाला द्यायचीय?”

“मावशींना.”

“मावशी म्हणजे आईच्या बहीण?”

“नाही.”

“मग तुमच्या पत्नीच्या मावशी?”

“तशा सगळ्यांच्याच आहेत.”

“मास्तर, कायद्यात नातेवाइकांची यादी आहे. नवरा-बायको, भाऊ-बहीण, आईवडील, मुलं, सुना. ‘सगळ्यांची मावशी’ असा रकाना नाही त्यात.” सल्लागार माणूस वाईट नव्हता, फक्त सवयीने कोरडं बोलायचा. “यादीतल्या माणसाने दिलं तर भेट. यादीबाहेरच्याने ठरावीक रकमेच्या वर दिलं, तर ती घेणाऱ्याची कमाई धरतात. बक्षिसावर तुमचा कर कापला जाईल. मग उरलेल्यातलं निम्मं यांना दिलंत की त्यावर यांनी पुन्हा भरायचा. आणि पिशवीत भरून रोख तर मुळीच नको. उद्या खोली घेताना पैसे कुठून आले म्हणून विचारतील, तेव्हा काय दाखवणार? पिशवी?”

मला जरा लागलं ते.

“मग माझ्या हातात येतील किती?” मावशींनी विचारलं.

सल्लागारांनी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे फिरवला. मावशींनी तो आकडा नीट वाचला.

“म्हणजे दार आणि खिडकी येईल,” त्या म्हणाल्या. “भिंतींचं बघावं लागेल.”

मास्तरांचा चेहरा मी तसा एकदाच पाहिला होता, लग्नाच्या कोटाच्या कापडावर कात्री उलट्या बाजूने चालली होती तेव्हा. त्या चुकीला निदान ठिगळ तरी होतं.

“काहीच वाट नाही?” ते म्हणाले. “आधी सुनेला देतो. ती आमची आहे ना यादीत? तिने मावशींना द्यावं.”

“तीही त्यांना परकीच. आणि अशी फिरवाफिरवी केलीत तर दोघींना नोटिसा येतील.” सल्लागारांनी पेनाचं टोपण लावलं. “लग्नात मिळालेल्या भेटीला मात्र कर नसतो.”

सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघताय?” मावशी म्हणाल्या. “खोली दहा बाय दहाची आहे. नवरा कुठे ठेवू?”

सल्लागारसुद्धा हसले. पण हसू ओसरलं तसा पंखाच ऐकू यायला लागला. मावशी स्वतःच्या बोटांकडे बघत होत्या. मास्तर खाली, खुर्चीच्या आखूड पायाकडे.

सून मला हातात चुरत होती. काय करावं सुचत नसलं की ती हातातली वस्तू चुरते, मग ओढणीचं टोक असो की मी. मी चुरले गेले आणि वाजले. ती थांबली. पुन्हा दाबलं. मी पुन्हा वाजले. खरं सांगते, होता नव्हता तेवढा जोर लावून वाजले. तिने माझ्यातून तिकीट काढलं, फॉर्म काढला, मला पार रिकामं केलं आणि परत दाबलं.

“मावशी, हिच्यात काय वाजतंय?”

“कागद आहे. ताठ राहायला घातलेला.”

“कसला कागद?”

मावशींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर ओशाळले. “काही नाही गं. गंमत होती ती. जुनी.”

“बघू तरी गंमत,” सल्लागार म्हणाले.

मावशींच्या पर्समध्ये छोटी कात्री असतेच. त्यांनी माझी टीप उसवली. एकेक टाका, न घाई करता. कापड ओढू दिलं नाही. सहा वर्षांनी माझ्या पोटातली घडी बाहेर आली, पिवळी पडलेली, माझ्याच आकाराची.

सल्लागारांनी पावती वाचली. ‘तयार कधी: लागेल तेव्हा’ या ओळीवर चष्मा काढून हसले. मग चष्मा लावून पुन्हा पहिल्यापासून वाचली, या वेळी न हसता.

“ही मूळ पावती आहे. कार्बन प्रत कुठाय?”

“पुस्तकात. दुकानात,” मास्तर म्हणाले. “मी एकही पुस्तक टाकत नाही. गिऱ्हाईक दहा वर्षांनी येतं आणि म्हणतं, माप तेच आहे. पोट वेगळंच असतं.”

“पुढच्या-मागच्या पावत्या, तारखा, सगळं ओळीने?”

“अहो, धंदाय माझा.”

सल्लागार खुर्चीत मागे रेलले. “मास्तर, भेट म्हणजे आपलं दुसऱ्याला देणं. यातलं निम्मं तुमचं कधी नव्हतंच. मग देताय काय? तिकीट पहिल्यापासून दोघांचं, बक्षीस दोघांचं. आपापल्या वाट्यावरचा कर आपापला. तो चुकायचा नाही, पण एकदाच. हा फॉर्म अजून दिलेला नाही ना?”

मास्तरांनी फॉर्म उचलला आणि फाडला. शिंपी माणूस, कागदही कडेशी सरळ धरून फाडतो.

दुसऱ्या दिवशी नवा फॉर्म गेला, दोन नावांचा, दोन बँक खात्यांचा. सोबत पावती, पावतीपुस्तक आणि सल्लागारांनी लिहून दिलेला दोघांचा जबाब. खिडकीतल्या बाईंनी पावती तीनदा वाचली, शेजारच्याला दाखवली, आत जाऊन साहेबांना दाखवली. मावशींनी सुनेचा हात धरून ठेवला होता. मग शिक्का बसला. मी आयुष्यभर शिलाई मशीनचा आवाज ऐकत आले, पण त्या शिक्क्यासारखा गोड आवाज दुसरा नाही.

पाच आठवड्यांनी मावशींच्या फोनवर बँकेचा निरोप आला. तो त्यांनी सुनेकडून वाचून घेतला, मग मास्तरांकडून, मग परत सुनेकडून. खोली त्यांच्या नावावर झाली. भिंतींसकट. पंखाही लागला. तो खडखडत नाही. मावशींनी पंख्याच्या दुकानातच चालवून बघून घेतला.

मी आता त्याच खोलीत दाराजवळच्या खिळ्याला असते. रोज दुकानात जाते, संध्याकाळी परत येते. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी पिशवी असेल, रिकामी वाटली तरी टाकण्याआधी एकदा दाबून बघा. वाजली, तर उसवा. एवढंच मागणं.

तिकीट अजून घेतात. मागच्या आठवड्यात मावशींनी माझ्या दोन काजांच्या मधोमध तिसरं काज कापलं. सुनेला बटणांच्या डब्यातून हवं ते घे म्हणाल्या. तिने बराच वेळ शोधून एक हिरवं घेतलं, जोडी नसलेलं. मास्तरांनी कार्बन घालून नवी पावती फाडली. या वेळी सुनेने पावतीचा फोटोही काढून ठेवला. मग घडी माझ्या पोटात गेली आणि मावशींनी वरून पुन्हा टीप मारली. गिऱ्हाईक: तिघं, पूर्ण नावांसकट. माप: सारखं. तयार कधी: घाई नाही.